कारणाचा रकाना

सबनीसकाकांचा कॉम्प्युटर चालू केला की काहीच दिसत नाही. काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात वरती एक पांढरी रेघ, आणि ती लुकलुकत असते. बस्स. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, कुणाच्या घरी आजारपण असल्यावर काढतो तसा आवाज काढून विचारलं होतं, "हार्ड डिस्क गेली का हो?" काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गेलेलं काही नाहीये, मिलिंदराव," ते म्हणाले. "स्वच्छ आहे."

मी तेव्हा नुकताच पुण्याहून वर्क परमिटवर इंग्लंडात मिल्टन कीन्सला आलो होतो. माझं काम टेस्टरचं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं मोडून दाखवायचं. काका त्याच ऑफिसात सर्व्हर सांभाळायचे. मूळचे मिरजेचे, इथे येऊन तीस वर्षं झालेली, रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली. सबंध मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. त्यांच्या टेबलावर एक कीबोर्ड, एक मॉनिटर आणि एक पेन्सिल. खोडरबर नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "पेन्सिलीच्या मागे आहे की."

आपण बाजारातून कॉम्प्युटर आणतो तेव्हा त्यात आधीच शंभर प्रोग्राम कोंबलेले असतात. एक उगाच स्वागत करतो, एक तीस दिवसांनी बंद पडण्याची धमकी देतो, एक काय करतो ते त्याचं त्यालाच ठाऊक. लग्नात मिळालेल्या लेमन सेटसारखं आपण ते सगळं मुकाट्यानं ठेवून घेतो. काका ठेवून घेत नाहीत. ते आधी सगळं पुसतात. मग लिनक्सची अगदी पायापुरती सिस्टिम घालतात, इतकी उघडी की तिला धड प्रिंटही काढता येत नाही. त्यानंतर जे हवं तेवढंच, एकेक करून, वर चढवायचं. आणि प्रत्येक गोष्ट आत यायच्या आधी तिला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: "काम काय त्याचं?"

हा प्रश्न ते फक्त कॉम्प्युटरला विचारत असते तर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण तो माझ्या टायला विचारला गेला. ऑफिसच्या ख्रिसमस ट्रीला विचारला गेला. आमच्या मॅनेजरनं मोठ्या हौसेनं सुरू केलेल्या शुक्रवारच्या मीटिंगला, भर मीटिंगमध्ये, विचारला गेला. मॅनेजरला उत्तर सुचलं नाही आणि मीटिंग बंद झाली, तेव्हापासून काकांना ऑफिसात मान होता. मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउट्सबद्दल मात्र त्यांची तक्रार नव्हती. "त्यांना काम आहे," असं ते सांगायचे, आणि स्वतः सायकलवरून रेडवेनं, म्हणजे सायकलींसाठीच्या वेगळ्या वाटेनं जायचे, जिथे एकही राउंडअबाउट लागत नाही.

या प्रश्नाची उत्तरं एका दोनशे पानी वहीत नोंदवलेली असत. तीन रकाने: नाव, तारीख, कारण. मी ती वही पुष्कळदा चाळली आहे. एडिटर: लिहावं लागतं. ब्राउझर, चित्रं न दाखवणारा: बातम्या वाचायला, चित्रं बघायला खिडकी आहे. कॅल्क्युलेटर: नको, पाढे अजून येतात. घड्याळ: नको, भिंतीवर आहे. कारण एका ओळीत मावलं नाही तर ते कारण नव्हे, असा त्यांचा नियम होता.

घरही त्याच शिस्तीतलं. बैठकीच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि एक खुर्ची. मी गेलो की मला दुधाच्या बाटल्यांचा क्रेट उलटा करून मिळायचा. दुसरी खुर्ची का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. "येतं कोण?" काका म्हणाले. मी समोर बसलेला होतो, पण क्रेटवर बसलेल्या माणसाला वाद घालायला जोर येत नाही. कप एकच होता, म्हणून माझा चहा मोजायच्या जगमध्ये यायचा. किती मिली प्यायलो ते बाहेरूनच दिसायचं.

माझी बायको मनीषा त्यांच्यासाठी अधूनमधून डबा पाठवी. डबा रिकामा परत करू नये ही रीत काकांना मान्य होती, पण तिच्यातही त्यांनी काटछाट केली होती. धुऊन पुसून लखलखीत केलेल्या डब्यात ते एक बेदाणा घालून पाठवायचे. एकच. "रिकामा तर नाही ना?" मनीषा सुरुवातीला चिडली, मग तिनं ते बेदाणे एका बाटलीत साठवायला सुरुवात केली.

तिचं आणि काकांचं जमलं ते आमच्या लॅपटॉपमुळे. तो फार हळू चालायला लागला होता, आणि मी मूर्खपणा करून तसं काकांना बोललो. शनिवारी सकाळी ते सायकलवरून एक सीडी घेऊन हजर. आधी त्यांनी मनीषाची मुलाखत घेतली. हिला फोटो हवे होते, ईमेल हवी होती, बातम्या हव्या होत्या. सगळं प्रश्न विचारून मंजूर झालं. मग ती जरा ओशाळून म्हणाली की पत्त्यांचा तो एकट्यानं खेळायचा गेमही हवा. मी मनातल्या मनात गेमला निरोप दिला. काकांनी शांतपणे विचारलं, काम काय त्याचं? मनीषा म्हणाली, आईची आठवण आली की फोन करायच्या आधी दोन डाव खेळते, म्हणजे फोनवर आवाज कापत नाही. काकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गेम घातला. त्याच दिवशी माझी सतरा डाऊनलोड केलेली क्रिकेटची वॉलपेपर्स मात्र काहीही न विचारता गेली.

तर अशा माणसाच्या वहीत मला एक रिकामा रकाना सापडला. गप्पा मारायचा एक प्रोग्राम होता, मेसेंजर म्हणतात तो, तोही चित्रंबित्रं नसलेला, नुसत्या अक्षरांचा. नाव होतं, तारीख होती. कारण नव्हतं. चार वर्षांच्या नोंदींत तेवढाच एक.

मी चोर पकडल्याच्या आनंदात म्हटलं, "काका, याचं काम काय?"

काकांनी वही माझ्या हातून घेऊन मिटली. मग त्यांनी तो प्रोग्राम उघडून दाखवला. यादीत एकच नाव: अनिकेत. नावाआधी एक बारीक करडा ठिपका.

"मुलगा आहे. लीड्सला असतो," ते म्हणाले. "रविवारी साडेदहाला येतो. ठिपका हिरवा होतो. बारापर्यंत असतो."

"मग काय बोलता?"

"बोलत नाही. दिसतो."

मी जगमधला चहा दीडशे मिलीपर्यंत खाली आणला आणि घरी गेलो.

काकांची दिवाळीची एक पद्धत होती. इतरांच्या घरी माळे झाडतात, ते कॉम्प्युटर पुसत. वर्षभरात नाही म्हटलं तरी काहीबाही साचतंच, म्हणून दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सगळं साफ करून नव्या आवृत्तीची पायापुरती सिस्टिम घालायची, आणि मग वही उघडून वरून खाली एकेक चढवत जायचं. जुन्याची कॉपी ठेवायची नाही. कॉपी ठेवणं म्हणजे अडगळ खोलीतून माळ्यावर नेणं, असं त्यांचं मत.

त्या वर्षी या शनिवारनंतरच्या सोमवारी काका माझ्या डेस्कपाशी आले. काका कुणाच्या डेस्कपाशी येत नाहीत. काम असेल तर एक ओळीची ईमेल येते. मी उठून उभाच राहिलो. त्यांनी हळू आवाजात सांगितलं ते असं, की पुसणं झालं, सगळं परत चढलं, पण तो नुसत्या अक्षरांचा मेसेंजर नव्या आवृत्तीत नाहीच. बनवणाऱ्यांनी तो सोडून दिलेला. जुना होता तो स्वतःच्या हातानं पुसला. त्याच्या जागी एक नवा आहे, पण तो एकटा येत नाही. त्याला खिडक्या लागतात, रंग लागतात, आवाज लागतो. त्याच्यासोबत आणखी बासष्ट पॅकेजेस, म्हणजे जोडीचे छोटे-मोठे प्रोग्राम, घ्यावी लागतात.

"बासष्ट," काका म्हणाले. "एका ठिपक्यासाठी."

कालचा रविवार हुकला होता. पुढच्या रविवारी साडेदहाच्या आत जुना मेसेंजर परत उभा करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि मोडण्यात मी तरबेज असल्यामुळे कुठे मोडतंय ते बघायला त्यांना मी हवा होतो.

मी सोपे उपाय सुचवले. माझा लॅपटॉप आणतो, त्यावर उघडा. ते म्हणाले, दुसऱ्याच्या घराच्या खिडकीतून काय डोकवायचं. मग सरळ फोन करा की. त्यावर ते म्हणाले, "फोन केला तर त्याला उचलावा लागतो."

मग शनिवारी सकाळी आम्ही कंबर कसली. म्हणजे काकांनी कसली, मी क्रेटवर बसलो. आठवडाभर शोधून काकांनी त्या जुन्या मेसेंजरचा सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, कुठल्याशा विद्यापीठाच्या कोपऱ्यात पडलेला मिळवला होता. तो आपल्या हातानं जुळवायचा, आणि हा कॉम्प्युटर इतका म्हातारा की एकदा जुळवायला घेतलं की दीड तास पडद्यावरून ओळी धावायच्या. तासाभरानं एखादी चूक निघायची. काका ती दुरुस्त करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. चिडचिड नाही, उसासे नाहीत. आमच्या ऑफिसातली पोरं सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला तरी एकमेकांवर खेकसतात. हा माणूस तेच ते अकराव्यांदा त्याच चेहऱ्यानं करत होता. रविवारी दहाला ते जुळलं, चालू झालं, आणि पलीकडच्या सर्व्हरनं त्याला आत घेतलं नाही. मिळालेला सोर्स पुसलेल्या मेसेंजरहूनही जुन्या आवृत्तीचा होता; मधल्या काळात तिकडची भाषा बदलली होती आणि आमचा प्रोग्राम जुनीच बोलत होता. साडेदहा वाजले. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसले. अकरा वाजता त्यांनी पुन्हा पहिली ओळ टाइप केली.

तिसऱ्या रविवारी, त्या ओळी धावत असताना, त्यांनी आपण होऊन सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

सुलभाकाकू गेल्या त्याला चार वर्षं झाली होती. मी त्यांना पाहिलेलं नाही. काकांच्या बोलण्यावरून कळलं ते एवढंच, की त्या काहीही टाकत नसत. जॅमच्या बाटल्या, भेटवस्तूंच्या रिबिनी, मिरजेहून आलेल्या पार्सलांची कापडं, अनिकेतचे पहिलीपासूनचे स्वेटर. त्या गेल्या आणि आठव्या दिवशी काकांनी सगळं चॅरिटी शॉपला देऊन टाकलं. साड्या, स्वयंपाकघर, सगळं. पुढच्या शुक्रवारी अनिकेत लीड्सहून आईची कपाटं आवरायला आला, तर कपाटंच नव्हती. तो दारातच उभा राहिला. म्हणाला, बाबा, एक गोष्ट तरी मला विचारायचं. मग त्यानं बॅग खाली ठेवलीच नाही. तेव्हापासून बोलणं नाही. त्याच्या जुन्या खोलीत एका चिठ्ठीवर त्याचं मेसेंजरचं नाव सापडलं, ते काकांनी घातलं, आणि त्यानं होकार दिला. एवढंच चार वर्षांत झालं होतं.

"पण इतक्या घाईनं का दिलंत, काका?" मी विचारलं. विचारायला नको होतं बहुतेक.

काका पडद्याकडे पाहतच बोलले. "यादी करायला बसलो होतो. हे ठेवायचं का, ते ठेवायचं का. प्रत्येकापुढे कारण लिहायचं. बाटलीपुढे तेच कारण, साडीपुढे तेच, चमच्यापुढे तेच. एकच कारण, मिलिंदराव. ते लिहवेना. मग सगळंच देऊन टाकलं."

ओळी थांबल्या. चूक निघाली होती. साडेदहा वाजून गेले होते. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. त्या मेसेंजरचा, त्या नव्या आवृत्तीचा, आणि खरं सांगायचं तर काकांचाही. मी म्हटलं, "अहो, घाला ना ती बासष्ट. डिस्कवर जागा आहे. कुणाचं काय जातंय?" काका म्हणाले, "तत्त्व जातं." मी क्रेट सरळ केला आणि निघून आलो. घरी मनीषा म्हणाली, माणसाला असं सोडून यायचं नसतं. त्या दिवशी डबा गेला नाही, म्हणून बेदाणाही आला नाही.

चौथ्या रविवारी मी दहालाच गेलो. काका दारातच उभे होते, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला. खुर्ची त्यांनी माझ्यासाठी ओढून ठेवली आणि स्वतः क्रेटवर बसले.

"घाला," ते म्हणाले. "सगळी बासष्ट घाला. माझ्या हातून नाही होणार."

मी कमांड दिली. सिस्टिमनं आपल्या नेहमीच्या निर्विकार सुरात विचारलं की इतकी पॅकेजेस येणार आहेत, नक्की ना? मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी 'वाय' दाबलं. नावं सरकत गेली आणि काका प्रत्येक नाव वाचत होते. एकदाही त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. मग चार वर्षांत, त्या ठिपक्याखेरीज, पहिल्यांदाच त्या काळ्या पडद्यावर रंग आला, खिडकी आली, कुणीही न मागितलेलं डोंगराचं चित्र आलं. काकांनी डोळे किलकिले केले. मी मेसेंजर उघडून दिला आणि खुर्ची त्यांना देऊन क्रेटवर बसलो.

यादीत एकच नाव. ठिपका करडा.

साडेदहा वाजले. साडेदहा वाजून दोन मिनिटं झाली. मी मनात म्हटलं, तीन रविवार काका दिसले नाहीत म्हणून पोरानंही यायचं सोडलं असणार. तेवढ्यात ठिपका हिरवा झाला. काकांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"दिसला," ते म्हणाले.

आणि कॉम्प्युटर 'टुंग' असा वाजला. काका दचकून मागे सरले. त्यांच्या यंत्राला आवाज असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पडद्यावर आणखी एक छोटी खिडकी उघडली होती. इंग्रजी अक्षरांत, इथे वाढलेल्या मुलांच्या मराठीत लिहिलं होतं: बाबा, तीन संडे तुम्ही दिसला नाही. आर यू ओके? मी दर संडे बघतो.

काकांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं, ओठ हलवून. चार वर्षं त्यांना वाटत होतं की या खिडकीतून आपणच एकटे पाहतोय. मी उठलो आणि चहा करतो म्हणून स्वयंपाकघरात गेलो. पाणी उकळायला तीन मिनिटं पुरतात. मी बराच वेळ उकळू दिलं. बाहेर दोन बोटांनी कळा दाबल्याचा आवाज येत होता, मधे थांबत, पुन्हा येत.

कप आणि जग घेऊन बाहेर आलो तेव्हा उत्तर लिहून झालं होतं, पाठवलं नव्हतं. ते मला वाचा म्हणाले. बरा आहे. कॉम्प्युटर पुसला होता. न विचारता पुसायला नको होता. चूक झाली.

"एका ओळीत मावत नाहीये," काका म्हणाले.

"असू दे," मी म्हटलं. त्यांनी एंटर दाबलं. मी माझा चहा तिथेच ठेवून घरी आलो.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी डबा घेऊन गेलो. काका शेजारच्या खोलीत फोनवर होते. दार लोटलेलं होतं, आणि "तू जेवतोस ना वेळेवर" एवढंच मला ऐकू आलं. टेबलावर वही उघडी होती. ती बासष्ट पॅकेजेस काकांनी रीतीप्रमाणे नोंदवली होती, नाव आणि तारीख, पेन्सिलीनं, तीन पानं भरून. अर्ध्याहून अधिकांचं काम काय ते मलाही सांगता आलं नसतं. त्यांच्या आधी, चार वर्षं रिकामा राहिलेल्या जुन्या मेसेंजरच्या त्या रकान्यातही आता अक्षरं होती.

कारण सगळीकडे एकच होतं. न दिसल्यास मुलगा काळजी करतो. पहिल्या ओळीपुढे ते, दुसऱ्या ओळीपुढे ते, बासष्टाव्या ओळीपुढे ते. मी शेवटपर्यंत बोट फिरवून पाहिलं. 'वरीलप्रमाणे' असं काकांनी एकदाही लिहिलं नव्हतं.